भैरू बाजूला झाला

जवळ ये गं सुमे, मी शेजारीच बसलेय असं समज. काल फोनवर किती कौतुकानं सांगितलंस, "मावशी, आमचा टायगर माझ्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही." वेडे, याचं कसलं कौतुक? मला तर ऐकूनच राग आला.

तुझ्या काकांनाही हाच माज होता. भाकऱ्या मी थापायच्या, पण भैरूला माझ्या हातचं खायची बंदी! "राखणीचा कुत्रा एकाचाच असावा," म्हणायचे.

गेल्या दसऱ्याआधी झेंडू तोडताना काका वाफ्यातच कोसळले. तोंड वाकडं झालं, बोलता येईना. मी धावले, तर भैरू त्यांच्यापुढं दात विचकून उभा. माझ्यावर! अकरा वर्षं ज्याच्या भाकऱ्या थापल्या, त्यानं माझं लुगडं फाडलं. शेजारचा रामदास कुदळ घेऊन आला. "काकू, सरका बाजूला. घालतोच याच्या डोक्यात." काका डोळ्यांनी नको नको करत होते. धन्याचा आणि कुत्र्याचा, दोघांचाही असा संताप आला मला! देवालाही सोडलं नाही. म्हटलं, रोज ताजा हार घालते आणि तू नुसता बघत बसतोस?

असाच अर्धा तास गेला, तेव्हा पेठ गावाकडचा एक म्हातारा रोपं विचारायला बांधावर आला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. सवयीनं हात जोडून म्हणाला, "राम कृष्ण हरी, माउली."

भैरूचे कान पडले. तो बाजूला सरकला आणि खाली बसला.

अगं, दारात पाहुणा आला की काका हेच म्हणायचे, मगच भैरू त्याला आत सोडायचा. मी रोज ऐकत होते. पण घरच्या माणसाला कोण राम कृष्ण हरी म्हणतं? माझ्या तोंडी आलंच नाही. म्हाताऱ्यानं काकांना गाडीत घालायला हात लावला. गडबडीत त्याचं नावही विचारायचं राहिलं.

काका वाचले. डाव्या हातात मात्र जोर राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. ते ऐकलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला, अजून होतो. भैरूवर नाही गं. त्या मुक्यानं शिकवलं तेच केलं, जीव लावून केलं. आता तो चौघांच्या हातचं खातो. राग आहे तो "माझा, फक्त माझा" म्हणण्यावर. आपलं माणूस काय, जनावर काय, देवाच्या हवाली करून ठेवावं. मी तर त्या दिवशी त्याला बोल लावत होते, तरी तो आला. हे आठवलं की हात आपोआप जोडले जातात.

येत्या रविवारी ये, टायगरलाही आण. काका आता बांधापर्यंत चालतात, तुझी आठवण काढतात. उशीर नको करू, बाई.