सिगारेट विझवा, मग टाकते

यवतच्या पुढं हायवेला लागून असलेल्या पेट्रोल पंपावर मी कामाला लागले, तेव्हा मालकांनी पहिल्या दिवशी समोर बसवून दोनच गोष्टी सांगितल्या. पंपावर आग येता कामा नये. आणि गिऱ्हाइकाशी वाद होता कामा नये. दोन्ही मला सोप्या वाटल्या. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. नवरा कुरकुंभच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. घरात दिवसभर टीव्हीसमोर बसण्यापेक्षा निळा शर्ट घालून मशीनपाशी उभं राहणं मला आवडायला लागलं.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. त्यांचं बालपण मेंढरांमागं फिरण्यात गेलं होतं. आता घरच्यांची थोडी शेती होती आणि आक्का पंप सुरू झाल्यापासून इथंच होत्या. डोक्यावर पदर, पदरावर पंपाची टोपी. बोलायच्या कमी. गाडी आत वळली की चालकाच्या तोंडाकडं बघून आधीच सांगायच्या, "हा नोट फेकनार बघ."

नोट फेकणारे पुष्कळ होते. काच चार बोटं खाली करून "ए, फुल्ल" म्हणणारे होते. आकडा शून्यावर दाखवला तरी "चोरता तुम्ही लोकं" म्हणणारे होते. पहिले काही दिवस घरी जाऊन मी रडले, मग ते अंगवळणी पडलं. म्हणून तो माणूस आला तेव्हा मला वेगळं काही वाटलं नाही.

पांढरी मोठी गाडी रांग सोडून थेट माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. इंजिन चालूच. आत तिशी-पस्तिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिडकीबाहेर काढलेल्या हातात पेटलेली सिगारेट.

"दादा, सिगारेट विझवा, मग टाकते," मी म्हणाले.

त्यानं मान वळवली. "काय म्हणालीस?"

"सिगारेट विझवा. आणि गाडी बंद करा."

"टाक तू. कधी विझवायची ते मला कळतंय."

मी नोझल हातात घेतलं नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं बोटं सैल सोडली आणि पेटलेली सिगारेट माझ्या बुटाजवळ पडली. मला हलताच येईना. आक्का वाळूची बादली घेऊन आल्या, वाळू ओतली, वर पाय दाबून उभ्या राहिल्या. तो हसला.

"पेटलं का काही? उगं घाबरतात," असं म्हणत तो खाली उतरला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. थोड्या वेळानं मला आत बोलावलं. मॅनेजर साधा माणूस होता, घरी तीन मुली. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "साहेबांना सॉरी म्हण." मी म्हणाले. तो माणूस खुर्चीत रेलून म्हणाला, "ऐकू नाही आलं." मी पुन्हा म्हणाले. त्यावर त्यानं माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि कुणाची सून ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या वेळी वाटलं, सांगून टाकलं की जाईल.

तो गेला, पण परत आला. पेट्रोल घ्यायला नव्हे. पंपाच्या कडेला टायरमध्ये हवा भरायची जागा आहे, तिथं लिंबाची सावली पडते. दुपारच्या सुमाराला गाडी तिथं येऊन थांबायची. काच खाली. सिगारेट ओठात असायची, पण पेटवलेली नसायची. हातातला लायटर तो नुसता उघडायचा आणि मिटायचा. गाड्यांच्या आवाजात लायटरचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता, तरी मला ऐकू यायचा.

नियम त्यानं एकही मोडला नव्हता. सिगारेट पेटलेली नव्हती, गाडी मशीनपासून लांब होती. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, "अगं, उभाच तर राहतोय. काय म्हणून हटकू?" काही दिवस गाडी यायची नाही. न आलेल्या दिवशी मला जास्त भीती वाटायची, कारण मग ती दुसरीकडं कुठंतरी उभी असणार.

एकदा हवेच्या नळीपाशी कुणी नव्हतं म्हणून एका मोटरसायकलवाल्याला हवा भरून द्यायला मीच गेले. पाठीमागून त्याचा आवाज आला, अगदी नेहमीच्या गप्पा माराव्यात तसा. "तुझा नवरा चौफुल्याला कंपनीच्या बसमध्ये चढतो ना? मिशी ठेवलीय हल्ली. बरी दिसते."

मिशी ठेवून आठवडासुद्धा झाला नव्हता.

घरी सांगितलं. नवऱ्यानं जेवता जेवता हात थांबवला. "सोड नोकरी," म्हणाला. सासूबाई दुसऱ्या दिवशी मला सोडायला पंपापर्यंत चालत आल्या. मी नोकरी का सोडली नाही हे मला नीट सांगता येत नाही. सोडली असती तर तो घरासमोर येऊन उभा राहणार नाही, याची काय खात्री होती? पंपावर निदान चार माणसं होती.

आक्कांना मी मिशीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "लांडगा पयल्या दिशी मेंढरू उचलत न्हाई, पोरी. आधी नुसता जाळीभवती फिरतो. कुत्री कवा झोपतात ते बघतो." आणि त्या दिवसापासून त्यांनी आपलं मशीन सोडून माझ्या दुसऱ्या बाजूचं मशीन मागून घेतलं, ज्याच्या खांबावर सगळी मशीनं बंद करायचं लाल बटण आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला. गुऱ्हाळांचा गोड धूर हायवेपर्यंत यायचा आणि पंपावर ट्रॅक्टरांची रांग लागायची. अशाच एका दुपारी तो रांगेत आला. पहिल्यांदाच रांगेत. पुढं शाळेची व्हॅन होती, आत पोरं भांडत होती. व्हॅनचं झालं, ती काढायच्या आधी चालक पोरांना दटावत थांबला होता, तेवढ्यात याची गाडी माझ्यापाशी सरकली. त्यानं इंजिन बंद केलं, हातात सिगारेट नव्हती. "फुल्ल कर," म्हणाला. नियमाप्रमाणं वागतोय म्हटल्यावर मी नोझल लावलं.

पेट्रोल चालू झालं आणि तो खाली उतरला. टाकीपाशी, माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला, आणि खिशातून लायटर काढला. टोपण उघडलं. अंगठा चाकावर ठेवला. माझ्या हाताकडं बघत होता. मी नोझल सोडते का, ते त्याला बघायचं होतं. पेट्रोलचा वास नाकात भरला होता. व्हॅनमधली एक मुलगी मागच्या काचेला नाक लावून आमच्याकडं बघत होती.

"सॉरी म्हण ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मोठ्यानं."

नोझलमधलं पेट्रोल थांबलं. सगळ्या मशीनचे आकडे विझले. आक्कांनी लाल बटण दाबलं होतं.

मागून हॉर्न सुरू झाले. आधी ते आमच्याच नावानं होते. कुणी ओरडलं, "काय झोपलात काय?" आक्का मशीनच्या चौथऱ्यावर चढल्या आणि रानात मेंढरांना हाक मारायच्या आवाजात म्हणाल्या, "पंप बंद हाय. ह्या मानसाच्या हातात लायटर हाय, आन् टाकी उघडी हाय. ह्यो हितनं जाईस्तवर कुनाला थेंब मिळनार न्हाई."

हॉर्न बंद झाले. व्हॅनच्या चालकानं मागं बघितलं आणि गाडी रस्त्याच्या पलीकडं नेऊन लावली. ट्रॅक्टरवाले उतरून आले. तो माणूस हसायचा प्रयत्न करत होता. "मस्करी होती," म्हणाला. मग त्यानं आक्कांकडं बघितलं, त्याचा चेहरा बदलला, आणि हातातला लायटर त्यानं जोरात त्यांच्या तोंडावर मारला. भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं.

त्यानंतर जे व्हायला लागलं त्याची मला त्याच्याएवढीच भीती वाटली. दहा-पंधरा माणसं त्याच्याभोवती दाटली. कुणी कॉलर धरली. "चार ठिवून द्या ह्याला," असं मागून ऐकू आलं. टाकीचं झाकण अजून उघडंच होतं.

आक्का एक डोळा मिटून खाली उतरल्या. "हात लावू नका त्याला," म्हणाल्या. "मारलं की त्याला वाटंल, फिटलं. गाडी आडवा आन् पोलिसास्नी फोन लावा." ट्रॅक्टरवाल्यांनी गाडीच्या पुढं-मागं ट्रॅक्टर लावले. तो काच बंद करून आत बसून राहिला.

पोलीस ठाण्यात त्याचे वडील आले. त्यांना आम्ही ओळखत होतो. त्यांच्या गावातल्या सोसायटीचे चेअरमन, बागायती जमीन, लोक आप्पा म्हणून पाया पडायचे. सोबत गावची दहा माणसं होती. आक्कांच्या भुवईला टाके पडले होते. आप्पांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "पोरगं चुकलं. दवाखान्याचं आम्ही बघतो. पंपाच्या हापिसात बसून माफी मागंल. मिटवून टाकू." आमच्या मालकांनी लगेच मान डोलावली, आप्पांच्या घरच्या सगळ्या गाड्या डिझेल आमच्याच पंपावर भरायच्या. पोलीस अधिकाऱ्यांनी आम्हाला दोघींना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? तक्रार द्यायची का?"

सगळे आमच्याकडं बघत होते. मी म्हणाले, "केबिनमध्ये माफी एकदा झाली, साहेब. ती मी मागितली होती." मालकांनी मान खाली घातली. आक्का म्हणाल्या, "लिवून घ्या." तक्रार लिहून घेतली. पंपावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मॅनेजरनं मालकांना न विचारता पोलिसांकडं दिलं. मॅनेजरबद्दल माझ्या मनात जो राग होता तो त्या दिवशी थोडा कमी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी एक जुनी स्कूटर पंपाच्या छताबाहेरच बंद केली आणि ढकलत आत आणली. आप्पा होते. एकटे, सोबत कुणी नाही. मला वाटलं, आता धमकी येणार. मी आक्कांना हाक मारली.

आप्पांनी टाकीचं झाकण उघडलं आणि टाकीकडंच बघत बोलले. "काल मी मिटवा म्हनालो. चार लोकांत म्हनावं लागतं." थोडं थांबले. "तुमी मिटवू नका."

आक्कांनी टाकीत नोझल लावलं.

"सून नातवाला घिऊन म्हायेरी गेली, ती येत न्हाई. म्हातारी सैपाकघरात कडी लावून बसती. घरातली काडेपेटी मी कमरंला बांधून झोपतो, आक्का." एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्या शब्दावर माणसं उठबस करतात, तो हे सांगताना रस्त्याकडं पुन्हा पुन्हा बघत होता. "भाईर कुनी त्याला न्हाई म्हनलं न्हाई. आमीबी न्हाई म्हनलं न्हाई. तुमी म्हनलात."

"कोर्टात सांगाल का हे?" आक्कांनी विचारलं.

आप्पांनी टाकीचं झाकण लावलं. स्कूटर ढकलत छताबाहेर नेली, तिथं चालू केली आणि गेले. कोर्टात ते अजूनपर्यंत आलेले नाहीत. व्हॅनचा चालक मात्र येतो, एका खेपेचं काम बुडवून.

खटला चालू आहे. तो माणूस जामिनावर बाहेर आहे. मालकांनी महिनाभर विचार करून मशीनवर पाटी लावली: कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन करणाऱ्यास इंधन दिले जाणार नाही. त्याच्या गाडीला आमच्या पंपावर पेट्रोल मिळत नाही. आप्पांच्या घरच्या गाड्या येतात, आणि चालक आक्कांना नमस्कार करतात. लोक मला म्हणतात, चांगली अद्दल घडली. मला तसं वाटत नाही. एका पंपानं दार लावलं तर गाडी दुसऱ्या पंपावर जाते, एवढंच.

ते खरंच झालं. माझी नणंद कारेगावात राहते. तिच्या खोलीशेजारची एक मुलगी शिरूरच्या रस्त्यावरच्या एका पंपावर कामाला आहे. नणंदेनं सहज फोनवर सांगितलं, की त्या मुलीच्या पंपावर एक पांढरी गाडी दुपारची येऊन नुसती उभी राहते आणि पोरीला जेवण जात नाही. गाडीचा नंबर मी विचारला. तोच होता. मी लगेच आक्कांना फोन लावला.

सुट्टीच्या दिवशी आक्का आणि मी एसटीनं तिकडं गेलो. त्या पंपाच्या मालकांनी आम्हाला चहा दिला, आक्कांच्या भुवईवरचा व्रण बघितला, आणि "बघू, काहीतरी करू" म्हणाले. करतील की नाही, सांगता येत नाही. कॅमेरा हवेच्या जागेकडं वळवायला मात्र त्यांनी आमच्यासमोर माणूस चढवला.

ती मुलगी आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आली. माझ्यापेक्षा लहान होती. एसटी लांबून दिसायला लागली तेव्हा तिनं विचारलं, "कोर्टात काय बोलावं लागतं?"

"झालं त्येवढंच," आक्का म्हणाल्या. "पन नंबर आत्तापास्नं लिवून ठिव."

तिनं मान हलवली. एसटीत जागा नव्हती, आम्ही दारापाशी उभ्या राहिलो. ती परत वळली आणि रस्त्याच्या कडेनं पंपाकडं चालायला लागली, येणारी प्रत्येक गाडी वळून बघत.