तडे गेलेली अक्षरं

इस्त्रीखाली जर्सीवरचं रबर तापलं, की त्या वासासरशी श्रीरामपूरचं ते छपाईचं दुकान आठवतं. आमच्या गावात मुलींची कबड्डीची टीम पहिल्यांदाच उभी राहिली होती आणि आम्ही एसटीने जर्सी आणायला गेलो होतो. दुकानदाराने एक उलगडली. गावाचं नाव जाड, पुढे झुकलेल्या, धाव घेतल्यासारख्या अक्षरांत होतं; पण अक्षरभर तडे आणि ओरखडे. आमची कॅप्टन भडकलीच. "दादा, आमी नव्या सांगितल्या हुत्या. ह्या तर कुनीतरी घालून टाकलेल्या हायेत!" "ताई, ते अक्षरच तसं आहे, तडे मुद्दाम छापलेत. जुन्या खेळाडूंच्या जर्सीसारखं दिसतं," तो म्हणाला. सामना दुसऱ्याच दिवशी होता, म्हणून कुरकुरत त्याच घेतल्या. मैदानात समोरच्या टीममधली एक जण आमच्या जर्सीकडे बघत राहिली आणि दबकत म्हणाली, "तुमी लई वर्षं खेळताय व्हय?" कॅप्टनने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय," ती म्हणाली, आणि आम्ही सगळ्याजणी आपोआप ताठ झालो. उद्या हीच जर्सी घालून मी गावातल्या नव्या पोरींना कबड्डी शिकवायला जाणार आहे. अक्षरांवरून हात फिरवते, तर त्यातले छापलेले तडे कोणते आणि खेळून पडलेले कोणते, ते आता मलाही ओळखता येत नाही.