'तोंड दाखवा' म्हणणाऱ्या बोरकर मॅडम

डॉ. कुमुद बोरकर मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात मला लिहायला मिळत आहे, या आनंदात माझे बरेच कागद फाडून झाले. संपादकांनी विचारलं, "नाव बदलून छापायचं का?" मी म्हटलं, "वैशाली रामटेके असंच छापा. मॅडमनी कोणाला वाचवलं ते लोकांना कळू द्या."

मॅडमची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा त्या मला दिसल्याच नाहीत. माझ्या पापण्या चिकटल्या होत्या, ओठांवर काळी खपली धरली होती आणि अंगाची कातडी सुटत होती. कानाजवळ फक्त एक आवाज आला, "वैशाली, मी डॉक्टर कुमुद. डोळ्यांवर ओला कापूस ठेवते. दुखलं तर माझा हात दाबा." मी हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. भंडारा आणि गोंदिया वेगळे जिल्हे होऊन काही वर्षं झाली होती. माझे पती एचआयव्हीने गेले, तपासणीत मलाही लागण निघाली आणि औषधं सुरू झाली. 'एकही गोळी चुकवायची नाही' हे मला इतकं पक्कं सांगितलेलं होतं, की ताप आला, अंगावर लाल चट्टे उठले, तोंड आतून सोलून निघालं, तरी मी गोळ्या घेतच राहिले. अड्याळजवळच्या आमच्या गावात सगळे म्हणाले, माता आली आहे, निंबाचा पाला ठेवा. शेवटी माझा भाऊ धनराज वरठीच्या कारखान्यातून पाळी संपवून आला, माझं तोंड पाहिलं आणि कोणाची तरी जीप आणून मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन आला.

मॅडम त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी पाहताक्षणी गोळ्या बंद केल्या. हजारांत एखाद्याला एखादं औषध असं जीवघेणं बाधतं, आणि मला त्यातली एक गोळी बाधली होती. नागपूरला न्यायचं, तर रस्त्यातच काही होईल अशी माझी अवस्था होती. मॅडमनी नागपूरच्या आपल्या सरांना फोन लावला, त्यांचा सल्ला घेतला आणि मला इथेच ठेवलं. चादर अंगाला चिकटून कातडी ओढली जाऊ नये म्हणून त्यांनी केळीची पानं मागवली. पानं स्वच्छ करून, तेलाचा हात फिरवून, त्यांवर मला निजवलं. रोज स्वतः माझं तोंड धुवायच्या, ओठांच्या खपल्या भिजवून सोडवायच्या. नातेवाईक दारातून बघून परत जात होते, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

धनराज मात्र चिडला होता. मला दिसत नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, गोळी तुमीच लोकायनं देल्ली ना? मंग माह्या बहिणीचं असं काहून झालं?"

मला वाटलं, आता त्याला बाहेर काढतील. मॅडम म्हणाल्या, "हो, गोळी आमच्याकडूनच गेली. असं होऊ शकतं हे त्यांना नीट समजावून सांगायला हवं होतं, ते राहिलं. ते आमचं चुकलं. तुम्ही रागवा, पण उद्या केळीची पानं आणाल ना?"

दुसऱ्या दिवशी धनराज मोटारसायकलवर इतकी पानं बांधून आला, की वॉर्डाचं लग्नघर झालं.

आणि मग तो दिवस आला! सिस्टरनी तांदळाची पातळ, गार पेज आणली. मॅडमनी चमचा ओठांशी नेला. मी घाबरतच गिळलं. जळजळलं नाही. मी बोटाने खूण केली, अजून. मॅडम मोठ्यांदा हसल्या, म्हणाल्या, "धनराज, तुमची बहीण जेवून राहिली हो!" शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. धनराज भिंतीकडे तोंड करून रडला. तेव्हा माझे डोळे किलकिले उघडत होते. मॅडमचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, तो असा हसताना.

बरी झाले, पण खरी परीक्षा पुढे होती. एचआयव्हीची औषधं पुन्हा सुरू करायची होती, दुसऱ्या जातीची. मी साफ नाही म्हटलं. मॅडमनी धाक घातला नाही. "भीती वाटणारच," म्हणाल्या, "पण औषधाशिवाय हा आजार तुम्हाला सोडणार नाही. पहिली गोळी इथेच घ्या, मी बसते." त्या खरंच खाटेशी स्टूल ओढून बसल्या. पुढे कितीतरी दिवस मी उठल्याबरोबर आधी हात न्याहाळायचे, मग आरशात जीभ. एकही चट्टा उठला नाही.

माझी गोष्ट एव्हाना जिल्हाभर पसरली होती, तीही उलटी. 'गोळ्या खाल्ल्या की कातडी सोलून निघते' असं म्हणत काहींनी चांगली चाललेली औषधं सोडली. लाखांदूरच्या पंचफुलाबाई त्यांतल्याच. मॅडमनी मला विचारलं, "याल का माझ्यासोबत?" माझ्या चेहऱ्यावर अजून डाग होते. तरी आम्ही दोघी एसटीने गेलो.

पंचफुलाबाई म्हणाल्या, "गोळीनं तुयं आंग जाळलं, अन् तूच मले गोळी खा म्हन्तेस?"

मी म्हटलं, "बाई, मले एक गोळी पटली नाही, दुसरी पटली. तुमाले तं पहिलीच पटून राहिली होती. मंग सोडली कायले?"

त्यांनी माझ्या डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माह्यासंगं दवाखान्यात येशील का?" परतीच्या एसटीत आम्ही तिघी होतो.

त्यानंतर मॅडमनी मला कामालाच लावलं. नव्या रुग्णाला दोन्ही गोष्टी सांगायच्या, ही त्यांची शिस्त: गोळी मनाने सोडायची नाही, पण ताप, चट्टे किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही. गावोगावच्या आशाताईंना त्यांनी हे शिकवलं. स्वतः तर दिसेल त्याला "तोंड दाखवा" म्हणत टॉर्च काढायच्या. अड्याळच्या बाजारात एक भाजीवाली मॅडमना पाहून वांगी तोलता तोलताच आ करून उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मॅडमनी तिचं तोंड तपासलं आणि मगच वांगी घेतली. त्यांच्या या हट्टामुळे कितीतरी जण चट्टे दिसताच वेळेवर आले आणि माझ्यासारखे सोलून निघाले नाहीत.

सत्काराला पंचफुलाबाई येणार आहेत, धनराज रजा टाकून येणार आहे, आणि मी नवी साडी घेतली आहे. मॅडम, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आपला टॉर्च असाच चालू राहो. एक तक्रार मात्र भर ग्रंथात नोंदवते. परवा मी विचारलं, "मॅडम, बीपीची गोळी घेतली का?" तर आपण खिडकीबाहेर बघायला लागलात. आम्ही सगळे आपल्या शब्दाखातर रोज न चुकता गोळ्या घेतो. आता आपणही आमच्या शब्दाखातर घ्या. आम्हाला आपण शंभरीच्या पुढे हव्या आहात.