साठ लिटरची सॅक

माझी नवी सॅक साठ लिटरची आहे हे ऐकल्यावर आमच्या नानांनी विचारलं, "म्हणजे हिच्यात काय भरतेत, डिझेल?"

नाना म्हणजे माझे वडील. असोद्याला आमची केळी आहे. त्या केळीत नाना, ठिबकच्या नळ्या आणि दोन सालदार राबतात, आणि मी राबणाऱ्यांचे व्हिडिओ काढतो, अशी आमच्या घरची कामाची वाटणी होती. मला बाहेर जायचं होतं. बाहेर म्हणजे जळगाव नव्हे, पुणेही नव्हे. ऑस्ट्रेलिया. तिथला एक व्हिसा असतो: वर्षभर राहा, पाठीवर सॅक टाकून भटका, आणि पैसे संपले की एखाद्या शेतात चार-सहा आठवडे काम करा. त्याची लॉटरी निघते. मी नाव टाकलं होतं. आणि फळबागांमधल्या कामांची यादी वाचता वाचता मला समजलं होतं की तिकडे सर्वांत जास्त माणसं लागतात ती केळीचे घड उतरवायला.

ही गोष्ट मी घरी लपवून ठेवायला हवी होती. मी जेवताना सांगितली.

"इथी एक घड खांद्यावर घे म्हटलं तर तुही कंबर धरते," नाना म्हणाले. "अन् इमानात बसून तिकडी जाशीन, दुसऱ्याचे घड उचलाले?"

"ते अनुभवासाठी असतं, नाना."

"मंग इथला अनुभव काय नासला?"

माझ्याकडे सॅक होती. मी ती उचलून खोलीत गेलो.

सॅकेचा सराव करायचा होता. पंधरा किलो वजन घेऊन रोज चालावं असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. घरात नेमकं पंधरा किलोचं काय, म्हणून पाहिलं तर ताईची मुलगी. पाच वर्षांची, आजोळी आलेली, आणि सॅकेत बसायला एका पायावर तयार. तिला आत बसवून मी अंगणात चकरा मारल्या. पाचव्या चकरेला मामाच्या पाठीवर ती चक्क झोपली. मान कलंडलेली, तोंड अर्धवट उघडं, सॅकेची चेन गळ्यापर्यंत लावलेली. मला हा प्रकार इतका गोड वाटला की सॅक ओट्याला टेकवून मी सात-आठ फोटो काढले.

ते फोटो पुढे कामाला येणार होते. माझ्या नव्हे.

मग मी ठरवलं की परदेशाआधी एक रंगीत तालीम करायची. तीन दिवस, एकट्याने, ओळखीपाळखीशिवाय. नियम एकच: कुणाच्या नात्यात उतरायचं नाही. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, आणि तिथून पुढे डोंगराकडच्या गावांत पायी. रात्री जिथे जागा मिळेल तिथे पडायचं. आई म्हणाली, धुळ्याला मावशी आहे, निदान जेवून पुढे जा. मी म्हणालो, ऑस्ट्रेलियात मावशी नाही. धुळ्याच्या स्टँडवर उतरून मावशीच्या घरावरून पुढे जाणं हा आमच्याकडे जवळजवळ गुन्हा आहे. तो मी हसत हसत केला.

आता आठवतं की त्या दिवशी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता. एसटीच्या कंडक्टरने विचारला, "धुळ्याला कोणाकडे?" धुळ्याच्या स्टँडबाहेर रिक्षावाल्याने विचारला, "कोणाकडे जायचंय, भाऊ?" साक्रीहून पुढे जाणाऱ्या जीपमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने विचारला. प्रत्येकाला मी ऐटीत सांगितलं, "कोणाकडेच नाही. असाच फिरतोय." कंडक्टर हसला. रिक्षावाल्याने खांदे उडवले. जीपमधल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या सॅकेकडे पाहिलं, आणि उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत राहिला.

मी उतरलो त्या गावात आठवड्याचा बाजार होता. दुपारचे बारा वाजले असतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोणपाटं अंथरलेली, त्यांवर मिरच्या, लसूण, नागली, सुके बोंबील, प्लॅस्टिकच्या बादल्या. मला तहान लागली होती. सुक्या मिरच्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईपाशी मी थांबलो आणि सॅक टेकवली ती नेमकी तिच्या मिरच्यांच्या पोत्यावर. तिने पोतं ओढून घेतलं, मला दोन शिव्या दिल्या आणि तांब्या पुढे केला. "ले, पानी पी. कोठला शे तू?"

"असोद्याचा. जळगावजवळ."

"तथाच मनी पोर देल शे," ती म्हणाली. म्हणजे तिची मुलगी आमच्याच बाजूला दिलेली. मी "हो का, छान," म्हणालो आणि पुढे सरकलो. मुलीच्या गावाचं नावही विचारलं नाही. मला व्हिडिओ काढायचा होता.

इथून पुढे मी जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही. काळा गॉगल लावला. काठीला मोबाईल बसवला आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलत बाजारातून चालू लागलो, तिकडे इंग्रजी लागेल म्हणून. पोरं मागे लागली. त्यांना मी सॅकेतून बिस्किटं काढून वाटली. एक मुलगी होती, आमच्या भाचीएवढी. तिच्यासमोर गुडघ्यावर बसून मी विचारलं, "तुझं घर कुठंय? तुमच्याकडे झोपायला जागा आहे का?" व्हिडिओला शोभावं म्हणून हिंदीत विचारलं.

कुणीतरी त्या मुलीला दंडाला धरून मागे ओढलं. तिच्या हातातलं बिस्किट खाली पडलं. ते कुणी उचललं नाही.

मी चहाच्या गाडीपाशी गेलो. पातेलं उकळत होतं. चहावाला म्हणाला, "चहा संपला."

"हा काय मग?"

"संपला."

बाजाराचा आवाज एकदम बंद होत नाही. तो कडेकडेने विझतो. आधी मिरचीवाल्यांच्या ओळीतली घासाघीस थांबली, मग बादल्यांकडची. एक मोटारसायकल येऊन माझ्या मागे उभी राहिली, इंजिन चालूच. दुसरी रस्त्याच्या तोंडाशी आडवी लागली. एका पोराने माझा फोटो काढला आणि लगेच अंगठ्याने काहीतरी टाईप केलं. तो काय टाईप करत असेल ते मला पाठ होतं. मुलं पळवणारी माणसं फिरताहेत, मोठ्या बॅगा असतात, खाऊ देतात, असा एक मेसेज त्या महिन्यात सगळीकडे फिरत होता. आमच्या असोद्याच्या ग्रुपवर तो मीच टाकला होता. वर "सर्वांनी काळजी घ्या" असं जोडून, हात जोडलेल्या तीन चित्रांसकट.

एक तिशीतला माणूस पुढे आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"कोनाघर उना, भाऊ?"

अहिराणी मला अर्धीच कळते, आमच्याकडची बोली वेगळी. पण हे कळलं. कोणाच्या घरी आलास. सकाळपासून चौथ्यांदा. आणि मी, सवयीने, तेच उत्तर दिलं.

"कोणाकडेच नाही. असाच आलो."

गर्दीतून एक हुंकार निघाला. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की हे उत्तर नाहीच. माणूस गावात येतो तो कुणाचा तरी पाव्हणा म्हणून, नाहीतर काही विकायला, नाहीतर सरकारी कागद घेऊन. मी चौथा प्रकार होतो आणि त्या गावाला चौथा प्रकार फक्त मोबाईलवरच्या मेसेजमधून माहीत होता.

"आधार दाखव."

आधार आणि पैसे मी शर्टाच्या आत पोटाला बांधलेल्या पिशवीत ठेवले होते, चोरांपासून सावध राहा असं व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून. मी शर्टात हात घातला तशी पुढची रांग दोन पावलं मागे सरली आणि मागून कुणीतरी माझा हात पिरगाळून धरला. पिशवी त्यांनी काढली. आधारवरचा मी गुळगुळीत, समोरचा मी महिनाभराच्या दाढीत. दाढी ऑस्ट्रेलियासाठी वाढवली होती.

"फोन उघड."

मी उघडला. त्या माणसाने फोटोंवरून बोट फिरवलं. सॅक. सॅक. आरशातला मी आणि सॅक. मग त्याचं बोट थांबलं. त्याने फोन शेजारच्याला दाखवला, शेजारच्याने त्याच्या शेजारच्याला, आणि तो फोन असा हातोहात मागे जाताना मला दिसत होता. आमच्या भाचीची कलंडलेली मान, गळ्यापर्यंत लावलेली चेन. ज्याच्या हातात जाईल त्याचा चेहरा बदलत होता.

"हाई पोर कोन शे?"

"माझी भाची आहे. झोपलीय ती. खरंच झोपलीय."

हे वाक्य मी आजही कधीकधी एकट्याने म्हणून बघतो. कुठल्याही सुरात म्हटलं तरी खोटंच वाटतं.

सॅक कुणीतरी उलटी केली. माझे बनियन, टॉर्च, दोरी धुळीत पडली. दोरी कपडे वाळवायला होती. दोरी पाहिल्यावर बायकांमधून एक आवाज आला, तो शब्द नव्हता. कुणीतरी माझी कॉलर धरली.

तेवढ्यात मिरचीवाली म्हातारी गर्दी सारत आली. तिने माझं मनगट धरलं. मिरच्यांनी तिचा हात चरचरीत झाला होता.

"सोड त्याले. हाऊ मना पाव्हना शे."

"अक्का," तो कॉलर धरणारा म्हणाला, "तुना पाव्हना शे ते तुना घर का नही ग्या?"

"मी बाजारमा बठेल शे. घर कोन शे त्याले वाढाले? मनी पोरना गावना शे हाऊ."

धडधडीत खोटं. मी तिच्या मुलीचं गाव कुठलं हेही विचारलं नव्हतं. कॉलर सुटली नाही, पण सैल झाली. म्हातारी माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापले फोन लाव."

फोन स्पीकरवर लावला गेला. रिंग वाजत राहिली आणि संपली. नाना फोन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला अडकवून केळीत जातात. मला ते माहीत होतं, तिथल्या कुणाला नव्हतं. "उचलस नही," मागून कुणीतरी म्हणालं आणि गर्दी पुन्हा आवळली. म्हातारीच्या बोटांची पकडही आवळली. दुसऱ्यांदा लावला. सहावी रिंग. सातवी.

"काय हाय रे?" नानांचा आवाज.

"नाना, मी एका बाजारात..."

"कोन्या बाजारात? मावशीकडी गेला नाही ना तू? तुही माय सकाळपासून जेवली नाही! मावशीने फोन करून इचारलं, पोरगं स्टँडवर दिसलं म्हणे, घरी का नाही आलं? काय सांगू मी तिले? फिरू राह्यला बोंबलत! घरची केळी कापाले माणूस नाही, अन् हा बॅग घेऊन..."

नाना थांबले नाहीत. माझी बारावीतली टक्केवारी आली, मी मोडलेला फवारणी पंप आला, मी ट्रॅक्टर नाल्यात घातला होता ते आलं. एरवी असं काही चारचौघांत ऐकलं असतं तर मी आठवडाभर घरी बोललो नसतो. त्या दुपारी मी मनात म्हणत होतो, नाना, अजून बोला. थांबू नका. कारण ट्रॅक्टरवर आल्यावर एक म्हातारा हसला, आणि मग चहावाला हसला.

सगळे हसले नाहीत. तो फोटो पाहिलेला तिशीतला माणूस अजिबात हसला नाही. त्याने मला फोन परत दिला आणि म्हणाला, "मले बी पोर शे." एवढंच. त्याला मी दोष देत नाही. तो मेसेज पुढे ढकलणारा मीच होतो; त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हातारीने मला जीपपर्यंत नेलं. मनगट सोडलं नाही. जीप सुरू झाली तरी खिडकीतून धरूनच होती, मग चार पावलं बरोबर चालली आणि सोडलं. वळणावर जीपच्या मागच्या पत्र्यावर एक दगड बसला. छोटाच होता. कुणी मारला ते ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं नाही, आणि मीही नाही.

घरी मी निम्मंच सांगितलं. उरलेलं नानांनी ओळखलं असावं, कारण ट्रॅक्टरचा विषय त्यांनी नंतर कधी काढला नाही. भाचीचे फोटो मी पुसले. तिसऱ्या आठवड्यात मेल आला: लॉटरीत माझं नाव निघालं होतं.

आई म्हणाली, आधी त्या बाईला लुगडं देऊन ये. म्हणून बाजाराच्या दिवशी मी आणि नाना गेलो. सॅक घरीच. नानांच्या खांद्यावर केळीचा एक घड, माझ्या हातात लुगड्याची पिशवी. म्हातारी त्याच जागी होती. आजूबाजूच्या गोणपाटांवर गिऱ्हाईक होतं, तिच्यापुढे कुणी नव्हतं.

"बस आठे," ती म्हणाली आणि नानांसाठी पोतं सरकवलं. मग साधेपणाने, तक्रार नसल्यासारखं म्हणाली, "दोन बाजार कोनी बोलनं नही मनासंगे."

नानांनी केळी तिच्या पुढ्यात ठेवली आणि बाजारभर दिसेल अशा बेताने तिच्या शेजारीच मांडी घातली. तासभर तिथून हलले नाहीत. मी पण बसलो. चहावाल्याने न मागता तीन कप आणून ठेवले.

बोलता बोलता नानांनी सांगून टाकलं, पोरगं परदेशात चाललंय, केळी कापायला. म्हातारीला हसू येईल असं मला वाटलं. तिने मिरच्यांवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"तठे कोनाघर उतरशी?"

व्हिसाच्या फॉर्मवरही ती ओळ होती. तिथे ओळखीचं कोण आहे, नाव, पत्ता, नातं. मी ती रिकामी सोडून पुढचं पान उघडलं होतं, ऐटीत. आता नाना माझ्या उत्तराची वाट बघत होते. मिरच्या घ्यायला आलेली एक बाई तराजूजवळ थांबली होती, तीही.