थैलीवर बसलेली प्रभा

प्रभा गेल्याचा फोन ऑफिसातच आला. मीच उचलला. पलीकडे तिचा दीर होता. "वहिनी पहाटे गेल्या, झोपेतच," म्हणाला. मी मूर्खासारखी विचारून बसले, "म्हणजे आज येणार नाही का ती?" सव्वा महिना झाला त्याला. बोरिवलीला जाऊन आले, तिच्या फोटोसमोर बसले, तरी अजून राग जात नाही. अगं, बावन्न हे काय जायचं वय आहे?

आम्ही दोघी घाटकोपरच्या एका सरकारी भांडारात कामाला. लढाऊ जहाजांचे सुटे भाग इथून जातात. प्रभा मालवणकडची, गिरणीकामगाराची मुलगी. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या रॅकवर, हे तिला तोंडपाठ. मग कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यासाठी थंडगार खोली. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. "देवळात असो थंडावो असतो तर मी रोज गेलंय असतंय," प्रभा म्हणाली आणि आठवड्याभरात त्या खोलीची इन्चार्ज होऊन बसली. मी तिची असिस्टंट. तिचं प्रमोशन तेव्हा अगदी दारात आलं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरची पूजा केली. आमच्याकडे टाइपरायटरपासून क्रेनपर्यंत सगळ्यांना झेंडू लागतो, याला कसं वगळणार? मशिनवर हळद-कुंकू नको, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणून प्रभाने तोडगा काढला, की फ्लॉप्या तबकात मांडायच्या. त्या काळ्या चौकोनी तबकड्यांवरच आमची सगळी माहिती असते. माझा नवरा तेव्हा अंधेरीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. "माझी पण एक ठेव गं पूजेला, परीक्षा आहे," म्हणाला. मी ठेवली. आणि दसऱ्यानंतर कामाला बसले तेव्हा आमची समजून नेमकी त्याचीच मशिनात घातली! मशीन सुरूच होईना, तेव्हा ती काढून पर्समध्ये टाकली आणि दुसरी लावली. सगळ्या सारख्याच दिसतात हो.

चार दिवसांनी नवरा घरी आला तो तोंड पाडून. क्लासच्या मशिनांना व्हायरस लागला होता. म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाला, साथीच्या रोगासारखं असतं. बाधलेली फ्लॉपी एकदा लावली की नंतर आत जाणाऱ्या प्रत्येकीला बाधा होते आणि माहिती खराब होऊ शकते. आमच्या फ्लॉप्या दर आठवड्याला थैलीतून गोदीत जायच्या, आणि तिथून त्यांच्या मशिनात. उद्याच थैली निघणार होती! "गप्प बस," नवरा म्हणाला. "कोणाला कळणार आहे? नोकरी घालवायचीय का?"

दुसऱ्या दिवशी डबा उघडला आणि घास उतरेना. प्रभाने विचारलं आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. पूजेची कल्पना तिची, खोली तिची, प्रमोशनही तिचंच. तरी ती म्हणाली, "गो शैला, तू सांगलंस तर ती चूक. लपयलंस तर गुन्हो. उद्या भर समुद्रात कोणाक तरी भलतोच भाग मिळात, तेव्हा काय करशीत? जा, सायबाक सांग." तेवढ्यात थैली न्यायला शिपाई आला. काय करावं हिने? त्या थैलीवर चक्क बसली! पदर खोचून, हातात डबा घेऊन. "मॅडम, उठा ना, गाडी थांबलीय," तो गयावया करू लागला. "थांबू दे. शैला सायबाकडसून येयपर्यंत मी काय उठूचंय नाय."

मी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा साहेब असे भडकले की काचा हलल्या. मेमो दोघींना मिळाला. मशीन बंद झालं आणि गोदाम पुन्हा हाताने लिहायच्या कार्डांवर आलं. तपासणीत चार फ्लॉप्या बाधलेल्या निघाल्या. पण एकही गोदीपर्यंत पोचली नव्हती. प्रभाचं प्रमोशन मात्र हुकलं. मी रडले, माफी मागितली. "गप गो," ती म्हणाली, "बाकीच्यांका मिळतला, माकाव कधीतरी मिळात." नाही मिळालं. ते मला आयुष्यभर सलणार आहे. तरी पुढे मशीन परत सुरू झालं तेव्हा त्याच साहेबांनी तिला बोलावून खोलीचे नियम लिहायला सांगितले. बाहेरची फ्लॉपी आत नाही, वगैरे सगळं तिने लिहिलंच. पण पहिला नियम तिचा खास: जो आपली चूक स्वतःहून सांगेल, त्याच्यावर आधी ओरडायचं नाही. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि सही केली.

आता ती खोली माझ्याकडे आहे. गेल्या सोमवारी आमची नवीन क्लार्क वर्षा दारात येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी. "मॅडम, माझ्याकडून काहीतरी झालंय..." खरं सांगते, माझ्या जिभेवर शिवी आली होती. समोर खुंटीवर प्रभाचा मरून रंगाचा स्वेटर अजून तसाच आहे, कोपर उसवलेला. घरी न्यायला कोणी आलं नाही, आणि मीही पाठवला नाही. तो काढून मी वर्षाच्या खांद्यावर टाकला. "बस इथे," म्हटलं. "पहिल्यापासून सांग. मग साहेबांकडे दोघी जाऊ."