दाण्यादाण्याने चालणाऱ्या बाहुल्या

२००८ सालच्या तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, गडचिरोलीच्या एका सायबर कॅफेत, धानोऱ्याच्या शमीमबी मन्सुरी यांचं नाव त्यांच्याच कामावरून कापून टाकण्यात आलं. कापणारा साहेब नव्हता, ठेकेदार नव्हता. मी होतो. जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढणाऱ्या आमच्या समितीच्या वतीने, तत्त्वाला धरून कापलं.

सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. घराणं पिंजाऱ्यांचं, गाद्या-रजया भरणाऱ्यांचं. तिच्या भुवयांवर कायम कापसाचे तंतू असत आणि पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ. बाहुली किती हलवायची ते ती या तांदळाने मोजायची. टेबलावर एक दाणा ठेवायचा, बाहुलीचा पाय तेवढाच सरकवायचा, दाणा उचलायचा, फोटो काढायचा. पुन्हा दाणा, पुन्हा फोटो. असे शेकडो फोटो एकामागून एक पळवले की बाहुली चालायला लागे. तरुण बाईची चाल दोन दाण्यांची, म्हातारीची एका दाण्याची, साहेबाची अर्ध्या दाण्याची. अर्ध्याच का, विचारलं तर म्हणायची, "त्याले कुठी घाई आहे?"

नव्वदच्या दशकात साक्षरतेच्या मोहिमेसाठी हातात घालायच्या बाहुल्या शिवून तिने गावोगाव खेळ केले. मोहीम संपली, बोलावणंही संपलं. मग बाजाराच्या दिवशी घरच्या गाद्यांच्या दुकानासमोर खाट उभी करून ती तिच्यामागून खेळ करू लागली. पुढे लग्नांचे फोटो काढणाऱ्या पुतण्याने तिला त्याचा जुना डिजिटल कॅमेरा दिला, आणि समोर गर्दी नसली तरी खेळ होऊ शकतो हे तिला कळलं. पन्नाशी उलटलेली बाई डबा बांधून बसने गडचिरोलीला यायची आणि कॅफेत बसून इंटरनेटवर फिल्म चढवायची. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. फिल्मखाली कुणी दोन शब्द इंग्रजीत लिहिले, तर ते मला दोनदा वाचायला लावायची. मग हळूच विचारायची, "माह्यं नाव लिवलं का त्यानं?"

वनहक्काचे दावे भरायचे दिवस होते. समितीसाठी तिने फिल्म केली. मंगली नावाची बाहुली दाव्याचा कागद घेऊन साहेबासमोर उभी राहते. साहेब कागद खणात टाकतो. मंगली उभीच. तिच्या डोक्यावरचा एकेक काळा दोरा काढून खालाने तिथे कापसाची बट लावली, प्रत्येक बटेला एक फोटो. बघता बघता मंगली पांढरी होते. अडीच मिनिटांची फिल्म, तिला दोन महिने लागले. शेवटच्या चौकटीत तिने कापसाचीच अक्षरं मांडली होती : केलं शमीमबीनं, धानोरा.

आमच्या पत्रकांवर कुणा एकाचं नाव नसतं. नाव आलं की पुढारी तयार होतो आणि पुढारी विकला जातो किंवा पोलीस त्याला उचलतात, असं आम्ही शिबिरांत शिकलो होतो. मी म्हणालो, खाला, ही चौकट काढावी लागेल, लढा सगळ्यांचा आहे. बाहेर पोरं लाकडी नंदी ओढत चालली होती. त्यांच्याकडे बघत खाला म्हणाली,

"पत्रक तुमी समदे मिळून लिवता, बाबू. मंगलीले कोनं चालवलं?"

मी तासभर तिला समजावलं. काय समजावलं ते आठवलं की आज लाज वाटते. ती शेवटी हो म्हणाली, कारण मंगलीसारख्या बायांचे दावे खरोखरच अडकले होते आणि फिल्म गावांत जायला हवी होती.

फिल्म सीडीवरून गावोगाव गेली. काही महिन्यांनी एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. हे कुणी केलं? त्या व्यक्तीला आमच्याकडे मुलांना शिकवायला बोलवायचं आहे. उत्तर मीच टाइप केलं : ही सामूहिक निर्मिती आहे, व्यक्तीचं नाव देण्याची आमची पद्धत नाही. छाती फुगवून टाइप केलं. खालाला सांगितलंही नाही.

त्या संस्थेने नागपूरला फिल्म दाखवली. आम्ही खालाला घेऊन गेलो. पडद्यावर पाटी आली : 'आदिवासी लोककला. कलावंत अज्ञात.' पिंजाऱ्याच्या लेकीने तांदळाच्या दाण्याने मोजून काढलेली कला एका ओळीत दुसऱ्यांच्या नावावर गेली, आणि ती तिसऱ्या रांगेत बसलेली होती. परतीच्या बसमध्ये मी पत्राचं कबूल केलं. आरमोरी आल्यावर ती म्हणाली, "पोलिसाले नाव सांगाचं नाई, ते समजते मले. शिकवाले बोलावणाऱ्याले काऊन नाई सांगितलं?"

 

त्यानंतर तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी गेलो तेव्हा ती मंगलीची शिवण उसवत होती. आतला कापूस काढून एका उशीत भरला. चांगला कापूस आहे, वाया काऊन घालवू, म्हणाली. छातीत कापसाची धूळ आयुष्यभर साठलेली होतीच. पुढच्या हिवाळ्यात खाला गेली.

तिच्या मातीला आम्ही समितीचे आठ जण होतो. श्रद्धांजलीचं पत्रक काढायचं ठरलं. मसुदा माझ्याकडे आला, खाली नेहमीसारखं फक्त समितीचं नाव. तो मी फाडला आणि हे लिहायला बसलो.

इंटरनेटवर मी तिचं नाव परत घातलं आहे. पण कापलेल्या प्रती तुमच्याकडे आहेत : शाळेच्या कपाटात, ग्रामसभेच्या पेटीत, संस्थेच्या प्रशिक्षणात. संस्थेला मी तीनदा लिहिलं, पाटी बदललेली नाही. तुम्हीही लिहा. आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता, हा कागद खाली ठेवायच्या आधी, तुमच्याकडची सीडी काढा, पेन घ्या आणि तिच्यावर लिहा : शमीमबी मन्सुरी, धानोरा. एवढं करणार नसाल तर ती फिल्म कुणाला दाखवू नका.