चप्पल खाली ठेवा

"तुम्हाला राग आला नव्हता. झटका आला होता."

अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, समोर धरून हे सांगितलं, तेव्हा माझ्यावर गुन्हा दाखल झालेला होता. गंभीर दुखापतीचा. अमरावतीला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते, त्या काकूंचा हात माझ्यामुळे मोडला होता.

मला त्यातलं काही आठवत नाही. सकाळी नळाच्या पाण्यावरून आमचं वाजलं, तेवढं आठवतं. नंतर मी अंगणात, तोंडात लोखंडासारखी चव, आणि काकू पायरीखाली कण्हत पडलेल्या. त्यांच्या मुलाने पोलिसांना सांगितलं, भांडणाच्या रागात ढकललं, डोळे उघडे होते.

डॉक्टर म्हणाले, हा 'फोकल सीझर', म्हणजे मेंदूच्या एका भागातून उठणारा झटका. यात माणूस पडतोच असं नाही. डोळे उघडे राहतात, हात चालतात. नंतर 'पोस्ट-इक्टल' अवस्था असते, म्हणजे भान परतण्याआधीचा गोंधळ. तेव्हा दाबून धरलं तर शरीर सुटायला धडपडतं.

"कोणी धरलं होतं का?"

धरलं होतं. आपल्याकडे सगळेच धरतात. काकूंच्या जबाबातच होतं, त्यांनी मला भिंतीशी दाबून नाकाला चप्पल लावली होती. चांगल्या मनानेच.

आमच्या दर्यापूरकडच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. क्लासमध्ये इतिहास शिकवते. काकूंच्या मुलाचा निरोप आला, रागात केलं असं लिहून दे, माफी माग, आई तडजोड करेल.

बाबा म्हणाले, "लिहून दे न माय. येडी म्हनतीन तुले, त्यापरीस रागीट बरी."

"मले राग आलाच नोता, बाबा. खोटं कावून लिहू?"

माझ्या वकिलांनी आडपडदा ठेवला नाही. शरीर चालतं पण मन हजर नसतं, त्याला ऑटोमॅटिझम म्हणतात. आपल्या कायद्यात त्याचं वेगळं कलम नाही, मनोविकलतेच्या कलमातूनच जावं लागतं. "आणि सिद्ध आपल्याला करायचं आहे. हरलीस तर शिक्षा. जिंकलीस तरी निकालात 'मनोविकल' राहील. कोर्ट तुला घरच्यांच्या ताब्यात देईल, नाहीतर सुरक्षित ठिकाणी, म्हणजे मनोरुग्णालयात, ठेवेल."

ते 'सुरक्षित ठिकाणी' ऐकून माझी झोप उडाली. तरी खटला लढायला मी हो म्हटलं.

साक्षीत काकूंना वकिलांनी विचारलं, ती तुमच्याकडे बघत होती का?

"डोये उघडे होते, साहेब. मी आवाज देऊन राहिली होती. पन ते मायावर नोते."

मागून मुलगा खाकरला. काकू वळल्या. "खाकरू नको. हात माया मोडला, तुया नाई."

पुढच्या तारखेला डॉक्टरांनी साक्ष दिली, दाबून धरल्यावर काय होतं ते सगळं. काकू मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती लोखंडी चव पुन्हा आली. पुढचं बाबांनी सांगितलेलं. त्यांनी गावच्या रीतीने माझे हात आवळले आणि पायातली चप्पल काढली. काकू ओरडल्या, "चप्पल खाली ठेवा, भाऊ! सोडा तिले. धरलं म्हनून माया हात गेला." मग लोकांना मागे सारून, मी भानावर येईपर्यंत त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

मी निर्दोष सुटले. बाबांच्या हमीवर घरी आले. 'मनोविकल' हा शब्द निकालात आहे, तो मी वाचला आणि सोमवारी क्लासवर गेले.

तुमच्या घरात कोणाला असं झालं तर धरू नका. कांदा नको, चप्पल नको. लागेल असं सामान दूर करा, पडला असेल तर कुशीवर वळवा, जवळ थांबा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

मी गोळ्या चुकवत नाही. बाबांनी कोर्टाची परवानगी घेतली आणि खोली काकूंनी परत दिली. नळाच्या पाण्यावरून आमचं अजून वाजतं, आणि तेव्हा मात्र मला खरंच राग येतो.